आनंद बाजारात मुलांना झालेला नफा खरा असतो का?

डिसेंबर-जानेवारी उजाडला की इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर एक ठरलेला व्हिडिओ फिरायला लागतो. शाळेचं मैदान. ताडपत्रीवर मांडलेली मेथी, कोथिंबीर, टोमॅटो. शेजारी वडापाव, त्यापलीकडे भेळ, गुलाबजाम, लिंबू सरबत. गणवेशातली पोरं घसा ताणून गिऱ्हाईक बोलावतायत. एखादी चिमुरडी घासाघीस करणाऱ्या काकांना भाव कमी होणार नाही असं ठणकावून सांगते आणि तो व्हिडिओ गावाबाहेर पोहोचतो. खाली कमेंट्सही ठरलेल्या: हेच खरं शिक्षण, मराठी पोरांनी धंदा शिकलाच पाहिजे, वगैरे.

कुठे याला आनंद बाजार म्हणतात, कुठे बाल आनंद मेळावा, कुठे आनंदनगरी. प्राथमिक शाळेपासून हायस्कूलपर्यंत सगळीकडे तो भरतो. संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडतो की आज एवढ्या हजारांची उलाढाल झाली. दोन दिवसांनी स्थानिक पेपरात फोटोसकट तोच आकडा छापून येतो.

यातला 'उलाढाल' हा शब्द नीट वाचा. उलाढाल म्हणजे गल्ल्यात किती पैसे आले. माल केवढ्याला आणला, उरला किती, फुकट काय काय वापरलं आणि कुणाचे पैसे बुडाले, यातलं काहीच त्या आकड्यातून कळत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी ते ठीक आहे, त्यांना सुट्टे पैसे मोजता आले तरी पुष्कळ झालं. पण नववी-दहावीच्या मुलांनाही आपण एवढ्यावरच सोडून देतोय का? हा प्रश्न आत्ता विचारायचं कारण म्हणजे देशभरात 'करून शिका' पद्धतीचं व्यवसाय शिक्षण अभ्यासक्रमात येऊ घातलंय आणि त्यावर सरकारी पैसाही खर्च होतोय.

आत्ताच एवढी चर्चा का?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शाळा भरवावी असं म्हटलंय. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक लोकांच्या हाताखाली काम शिकावं ही कल्पना. २०२४ च्या जुलैमध्ये या दिवसांसाठी मार्गदर्शक सूचनाही आल्या. त्याच धोरणात आणखी एक उद्दिष्ट होतं: शाळा आणि कॉलेजांतल्या किमान निम्म्या विद्यार्थ्यांना २०२५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी.

कल्पना मात्र जुनी आहे. स्काऊट-गाईडमध्ये गेलेल्यांना 'खरी कमाई' आठवत असेल. लोकांची छोटी-मोठी कामं करायची किंवा वस्तू विकायच्या आणि मिळालेले पैसे पथकाच्या निधीत जमा करायचे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड गावात १९१९ मध्ये 'ज्युनियर अचिव्हमेंट' ही संस्था सुरू झाली. तिची पद्धत पुढे जगभर गेली: मुलांनी एकत्र येऊन छोटी कंपनी काढायची, ओळखीपाळखीत तिचे शेअर विकून भांडवल उभं करायचं, वस्तू बनवायची, विकायची आणि शेवटी कंपनी रीतसर बंद करून भागधारकांचा हिशोब चुकता करायचा. या पद्धतीतली बंद करण्याची पायरी लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचंय.

भेळेचा हिशोब

आता एक उदाहरण घेऊ. आकडे मानलेले आहेत, पण कुठल्याही शाळेच्या मैदानावर असेच दिसतील.

समजा नववीतल्या चार जणांनी भेळेचा स्टॉल लावला. ६० प्लेटचा माल आणला: कुरमुरे, फरसाण, कांदे, टोमॅटो, कोथिंबीर, कागदी द्रोण. प्लेटमागे ९ रुपये पडले, म्हणजे ५४० रुपये. स्टॉलला रंगीत कागद आणि नावाचा फलक यावर १०० रुपये गेले. एकूण ६४०. भेळ १५ रुपये प्लेट. साठच्या साठ प्लेट खपल्या, गल्ल्यात ९०० रुपये जमले. नफा २६०. चौघांनी ६५-६५ वाटून घेतले, सरांनी पाठ थोपटली.

आता हाच हिशोब थोडा उकरून बघा.

चिंचगुळाची चटणी एकीच्या आईने घरी करून दिली. चिंच, गूळ आणि गॅस धरून ६० रुपये. सामान आणि पातेली शाळेत न्यायला रिक्षा केली, ८० रुपये. ते बाबांनी दिले, म्हणून वहीत आलेच नाहीत. हे १४० रुपये धरले की २६० चा नफा १२० वर येतो.

चौघांनी आदल्या दिवसाची खरेदी, सकाळची चिराचिरी, स्टॉलवर उभं राहणं आणि आवराआवर मिळून प्रत्येकी पाच तास घालवले. एकूण २० तास. १२० भागिले २०. तासाला ६ रुपये.

यात आईचे दोन तास धरलेलेच नाहीत. बहुतेक शाळांच्या हिशोबात ते कधीच धरले जात नाहीत. शाळेतच कशाला, गावागावातल्या खानावळी, पापड-लोणच्यांचे घरगुती उद्योग आणि वडापावच्या गाड्या यांच्या हिशोबातही घरातल्या बाईचं राबणं बऱ्याचदा शून्य रुपयाला लागतं आणि म्हणून धंदा फायद्यात दिसतो. चौदा वर्षांच्या मुलाला हे वहीत लिहायला लावलं, तर तो व्यवसायाबरोबर घराबद्दलही काहीतरी शिकेल.

पुढचा प्रश्न जास्त मजेदार आहे. किती प्लेट विकल्यावर या स्टॉलचा खर्च भरून निघतो?

एक उत्तर असं. प्लेटमागे १५ रुपये येतात, ९ जातात, उरतात ६. फलक, रिक्षा आणि चटणी हा खर्च एक प्लेट विकली काय किंवा साठ विकल्या काय, होणारच. तो २४० रुपये. २४० ला ६ ने भागा. ४० प्लेट. एक्केचाळिसाव्या प्लेटपासून नफा. अकरावी-बारावीनंतर कॉमर्सला गेलेल्या मुलांना पुढे कधीतरी 'ना नफा ना तोटा बिंदू' या भारदस्त नावाने जे भेटतं, ते हेच.

पण एखादी चलाख पोरगी हात वर करून म्हणेल, सर, माल तर आपण ६० प्लेटचा आधीच आणला होता. चिरलेला कांदा दुकानदार परत घेणार आहे का? तिचं म्हणणं बरोबर आहे. माल आधीच घेतलेला असेल आणि उरलेला परत जाणार नसेल, तर पूर्ण ७८० रुपये वसूल व्हायला हवेत. ७८० भागिले १५, म्हणजे ५२ प्लेट. पन्नास प्लेट खपल्या असत्या तर गल्ल्यात ७५० रुपये दिसले असते, पोरं खूश झाली असती आणि प्रत्यक्षात ३० रुपयांचा तोटा असता.

मग ४० बरोबर की ५२? दोन्ही. माल लागेल तसा आणता येतो की सगळा आधी घ्यावा लागतो, यावर ते ठरतं. भाजीवाला दुपारनंतर भाव का पाडतो, बेकरीवाला पाव मोजून का मागवतो आणि किराणा दुकानदाराला तेवढी घाई का नसते, ते या दोन आकड्यांमधल्या फरकातून कळतं. हा धडा फळ्यावर शिकवला तर मुलं जांभया देतात. स्वतःच्या दहा प्लेट भेळ उकिरड्यावर टाकून आल्यावर शिकवला तर बहुधा नाही देणार.

पण तोटा होऊ कोण देतं?

आनंद बाजारात माल सहसा उरत नाही. उरलाच तर शेवटच्या अर्ध्या तासात बाई आणि सर राहिलेल्या जुड्या विकत घेतात. आजोबा दोन प्लेट जास्तीच्या खातात. शाळा समितीचे अध्यक्ष प्रत्येक स्टॉलवर थांबून काहीतरी घेतातच, फोटोही निघतो. यामागे माया आहे आणि त्यात चूक काढणं कुणालाही जड जाईल. पण त्यामुळे एक गोष्ट निसटते. गिऱ्हाईक स्टॉलवर का आलं, याचं उत्तर 'मूल आपलं आहे' असं असेल, तर माल चांगला होता का, भाव बरोबर होता का आणि शेजारी भेळेचेच आणखी चार स्टॉल असताना आपणही भेळच का लावली, हे प्रश्न पडतच नाहीत.

शेवटचा प्रश्न तर प्रत्येक बाजारात पडायला हवा. एका मैदानावर पाच भेळेचे आणि सात वडापावचे स्टॉल असतात, पाणी विकणारा एकही नसतो. गिऱ्हाइकाला काय हवंय हे आदल्या आठवड्यात चार वर्गांत फिरून विचारलं असतं, तर वहीचं एक पान भरलं असतं. यालाच मार्केट रिसर्च म्हणतात. त्याला ना पीपीटी लागते, ना प्रोजेक्टर.

बाजारातली मुलं आणि वर्गातली मुलं

'मुलांना बाजारात उभं केलं की गणित आपोआप येतं' हे वाक्य अशा प्रत्येक कार्यक्रमाच्या भाषणात असतं. ते किती खरं आहे, यावर एक मोठा अभ्यास २०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. लेखकांत अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. संशोधक कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांपर्यंत गेले आणि साधं गिऱ्हाईक बनून खरेदी केली.

हिशोब या धाटणीचे: ८०० ग्रॅम बटाटे २० रुपये किलोने, १ किलो ४०० ग्रॅम कांदे १५ रुपये किलोने, ही घ्या २०० ची नोट. परत किती? बटाट्याचे १६, कांद्याचे २१, मिळून ३७, परत १६३. बाजारातल्या बहुतेक मुलांनी असले हिशोब तोंडी आणि बिनचूक केले. मग त्याच मुलांना शाळेत असतात तशी कागदावरची गणितं दिली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जेमतेम एक तृतीयांश मुलांना जमलं.

आणि शाळेत जाणारी मुलं? त्यांचं उलटं झालं. कागदावरची गणितं त्यांना बरी जमली, बाजाराचा हिशोब समोर आला की ती अडखळली. रस्त्यावरचं ज्ञान वर्गात पोहोचत नव्हतं आणि वर्गातलं रस्त्यावर.

आनंद बाजारासाठी याचा अर्थ सरळ आहे. मुलाला नुसतं स्टॉलवर उभं केल्याने वहीतली टक्केवारी सुधारेल असं गृहीत धरता येत नाही. दोन्ही टोकं कुणीतरी हाताने बांधावी लागतात, आणि ते काम बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, वर्गात, फळ्यासमोर होतं. गंमत म्हणजे त्यासाठीचा धडा पुस्तकात आहे. राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरण आहे. त्यात जीएसटी आहे, शेअर आहेत, म्युच्युअल फंडही आहे. पण खऱ्या दुकानाचं खरं बिल हातात न धरता ते प्रकरण सोडवून पैकीच्या पैकी मार्क मिळवता येतात.

यात आणखी एक खोच आहे. ज्या वर्गात आनंद बाजाराचं कौतुक होतं, त्याच वर्गात एखादा मुलगा दर रविवारी आईबरोबर आठवडे बाजारात खरंखुरं दुकान मांडून बसतो. त्याला भाव कधी पाडायचा हे ठाऊक आहे, उधारी कुणाला द्यायची नाही हेही. शाळेत तो गणितात 'कच्चा' असतो. सोमवारी त्याला हे कुणी विचारत नाही.

दिल्लीने सरकारी खर्चाने करून पाहिलं, त्याचं काय झालं?

आपल्या देशात या विषयावरचा एक मोठा प्रयोग दिल्लीच्या सरकारी शाळांत झाला. २०१९ मध्ये तिथे नववी ते बारावीसाठी उद्योजकतेची मानसिकता घडवणारा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच्या प्रात्यक्षिक भागाची पहिली चाचणी खिचडीपूरच्या एका शाळेत झाली: ४१ विद्यार्थी, ९ गट, प्रत्येकाला १,००० रुपये. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये 'बिझनेस ब्लास्टर्स' नावाने तो अकरावी-बारावीच्या सगळ्या मुलांसाठी आला. आता प्रत्येकी २,००० रुपये. साधारण ३ लाख विद्यार्थी, ६० कोटींची तरतूद, सुमारे ५१ हजार गट. मग निवडीच्या फेऱ्या आणि टीव्हीवर कार्यक्रम. २०२२ च्या मार्चमध्ये त्यागराज स्टेडियममध्ये प्रदर्शन भरलं, त्यात १२६ गट गुंतवणूकदारांसमोर उभे राहिले.

या योजनेचं एक मोठं श्रेय मान्य करायला हवं. भांडवल सरकारने दिलं. आपल्याकडच्या आनंद बाजारात भांडवल घरून येतं, आणि घरी द्यायला दोनशे रुपये नसतील तर ते मूल दुसऱ्याच्या स्टॉलवर प्लेटा धुतं. दिल्लीतल्या सरकारी शाळेतल्या मुलीच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या निर्णयाने खर्च करायचे पैसे आले, ही छोटी गोष्ट नव्हे.

पण बातम्या कुणाच्या झाल्या? १२६ गटांच्या. ५१ हजारांत १२६, म्हणजे साधारण चारशेत एक. उरलेल्या पन्नास हजारांहून जास्त गटांचं काय झालं, हा खरा शिक्षणाचा प्रश्न होता. टीव्हीवरच्या कार्यक्रमाला विजेते लागतात, शाळेला मात्र हरलेल्यांच्या वह्याही तपासाव्या लागतात. ज्या गटाने २,००० प्रमाणे मिळालेले पैसे चुकीच्या मालात घालवले आणि का चुकलं हे दोन पानांत नीट लिहून काढलं, त्या गटाला टाळ्या मिळतील अशी जागा या रचनेत फारशी नव्हती.

मग २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीत सत्ता बदलली. नव्या सरकारने आठवी ते बारावीसाठी 'नीव' नावाचा आपला उद्योजकता कार्यक्रम जाहीर केला. योजना बदलण्याचा अधिकार प्रत्येक सरकारला असतोच. अडचण अशी की अशा कार्यक्रमांची ओळख एका पक्षाशी, एका नेत्याच्या फोटोशी जोडली जाते आणि सत्ता गेली की पाटी बदलते. शिक्षक पुन्हा नव्या प्रशिक्षणाला बसतात.

मग याचा उपयोग होतो की नाही?

जगभरातला पुरावा सरळ 'हो' म्हणत नाही, आणि तेच वाचण्यासारखं आहे.

नेदरलँड्समध्ये ज्युनियर अचिव्हमेंटच्या 'मिनी कंपनी' कार्यक्रमाचा एका व्यावसायिक महाविद्यालयात अभ्यास झाला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर कंपनी चालवूनही विद्यार्थ्यांच्या उद्योजकीय कौशल्यांत ठळक फरक दिसला नाही. आणि पुढे स्वतःचा व्यवसाय काढावा ही इच्छा वाढण्याऐवजी घटली. संशोधकांनी सुचवलेलं एक कारण असं की मुलांना धंदा प्रत्यक्षात काय असतो आणि आपल्याला तो झेपेल का, याचा अंदाज आला असावा. हा निकाल अपयश म्हणून सांगितला जातो. पण सतराव्या-अठराव्या वर्षी हजार रुपयांत 'हे आपलं काम नाही' असं कळणं, पस्तिशीत घर गहाण ठेवून कळण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

त्याच देशात प्राथमिकच्या शेवटच्या वर्गातल्या मुलांवर झालेला प्रयोग २०१४ मध्ये आला. तिथे व्यवसायाच्या ज्ञानात फरक पडला नाही, पण जोखीम घेणं, चिकाटी, आत्मविश्वास अशा स्वभावाशी जोडलेल्या गुणांवर चांगला परिणाम दिसला. युगांडात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना तीन आठवड्यांचं निवासी व्यवसाय प्रशिक्षण दिलं गेलं. तिथे तर साडेतीन वर्षांनंतरही फरक टिकून होता. प्रशिक्षण घेतलेली मुलं जास्त प्रमाणात स्वतःचे उद्योग काढत होती आणि त्यांची कमाईही वाढली होती.

तीन देशांतले हे प्रकार एकाच मापाने मोजता येणार नाहीत. वय वेगळं, गरज वेगळी. ज्या देशात नोकऱ्याच कमी आहेत तिथे अशा प्रशिक्षणाचं मोल जास्त, हे उघड आहे. पण एक गोष्ट नजरेत भरते: युगांडातला कार्यक्रम सलग तीन आठवड्यांचा होता. एका दिवसाचा बाजार भरवून तशाच निकालाची अपेक्षा धरणं जरा जास्तच होईल.

पाबळमध्ये हे आधीपासून चालू आहे

दिल्ली आणि युगांडा लांब वाटत असतील तर पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' हा विषय हायस्कूलमध्ये गेला. मुलं आठवड्यातून एक दिवस हाताने काम करतात. वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया असं सगळं थोडं थोडं. शिकवायला गावातलेच कारागीर आणि छोटे उद्योजक.

कामं खोटी नसतात, हा यातला मुद्दा. गावात कुणाला काहीतरी दुरुस्त करून किंवा बनवून हवं असतं, शाळा ते पैसे घेऊन करून देते. म्हणजे आधी अंदाजपत्रक करावं लागतं: लोखंड किती, किती वेळ, मजुरी काय धरायची. गिऱ्हाईक मुलांचे आजोबा नसतात, फाटक नीट लागलं नाही तर ते बोल लावतात. इथे विक्री हा शेवटचा टप्पा आहे, त्याआधी बनवणं आणि किंमत काढणं येतं. याचे व्हिडिओ व्हायरल होत नाहीत, कारण एक मुलगी वहीत लोखंडाच्या पट्टीची लांबी लिहितेय हे बघायला कोण थांबणार?

४० मुलं, २० रुपयांचा शेअर

प्रत्येक शाळेला वर्कशॉप परवडणार नाही, हे मान्य. पण वर सांगितलेली शेअरची पद्धत कुठल्याही वर्गात होऊ शकते. पुन्हा तोच भेळेचा स्टॉल घेऊ. वर्गात ४० मुलं. प्रत्येकाने २० रुपयांचा एक शेअर घेतला, ८०० रुपये जमले. ७८० चा खर्च भागतो, घरच्यांकडे हात पसरायला नको आणि नफा-तोटा सगळ्या वर्गाचा.

दिवसअखेर १२० रुपये नफा. शेअरमागे ३ रुपये. २० वर ३, म्हणजे एका दिवसात १५ टक्के. बँकेची मुदत ठेव वर्षभरात एवढं देत नाही. वर्ग खूश होणार.

मग स्टॉलवर राबलेले चौघं विचारणार, आम्हाला काय? मजुरी आधी काढली तर शेअरवाल्यांना काही उरत नाही. नफा शेअरवाल्यांचा म्हटलं तर चौघांचे वीस तास फुकट. मध्येच कुणीतरी म्हणेल की चटणीवाल्या काकूंचं काय ते आधी ठरवा. आणि सहा प्लेट उधारीवर नेणारा दादा अजून आलेलाच नाही, म्हणजे वहीत नफा १२० असला तरी भांडवल वगळलं तर डब्यात ३०च रुपये आहेत.

नफा आणि रोकड, मालक आणि कामगार, मजुरी आणि परतावा. एम्बीएच्या पहिल्या वर्षातल्या निम्म्या वादांची बीजं या डब्याभोवती आहेत. शिक्षकाने उत्तर द्यायची घाई केली नाही तर वर्ग दोन तासिका भांडू शकतो. शेवटी कंपनी बंद करायची, प्रत्येकाचे पैसे परत करायचे आणि सहीनिशी हिशोब भिंतीवर लावायचा. आनंद बाजार संध्याकाळी झाडलोट करून संपतो आणि सोमवारी पुन्हा भूगोल सुरू होतो, तेव्हा नेमकी हीच पायरी राहून जाते.

शिक्षकांची बाजूही आहे. अशैक्षणिक कामांची यादी आधीच लांब आहे, पोर्ट्लवर फोटो चढवायचे असतात, दहावीचा पोर्शन संपवायचा असतो. वरिष्ठ कार्यालय मागतं ते फोटो आणि उलाढालीचा आकडा. नफा-तोट्याचा तक्ता कुणी मागितला, तर तोही तयार होईल.

घरी काय विचाराल?

यंदा तुमच्या घरातलं मूल आनंद बाजारातून २६० रुपये मुठीत घेऊन आलं, तर आधी कौतुक करा, मग चहा घेऊन सोबत बसा. एक कोरा कागद घ्या. घरातून काय काय नेलं ते लिहायला सांगा. कोण कोण राबलं आणि किती वेळ, तेही. किती उरलं, किती फेकलं, उधारी कुणाकडे आहे आणि आपल्या घरचे सोडून गिऱ्हाइकं किती आली. मग विचारा की पुढच्या वेळी भाव १५ ठेवशील की १८, आणि माल ६० प्लेटचा आणशील की ४५ चा.

आकडा बहुतेक कमीच होईल. क्वचित उणेही जाईल. तसं झालं तर तो कागद टाकून देऊ नका, गणिताच्या बाईंना दाखवायला शाळेत पाठवा.